कंथकाचा चीक

घोडीचं दूध काढणारी बाई अख्ख्या पंचक्रोशीत एकच निघाली, आणि ती म्हणजे आवडाबाई. वर तिला त्याचा अभिमान वाटला होता, हे जास्त वाईट.

त्याचं असं झालं. आवडाबाईचं माहेर सोयगावकडचं. दावणीला पाच म्हशी, पहाटे धारा काढायच्या आणि मग शाळेत पळायचं, अशात ती वाढली. लग्न होऊन वेरूळजवळच्या वाडीत आली, तर नवऱ्याकडे म्हैस नाही, गाय नाही, नुसती घोडी. पुंजाराम वरातीला घोडी देणारा माणूस. आवडाबाईने दोन वर्षं हट्ट करून एक म्हैस आणवली, पण घोडीलाही ती म्हशीच्याच हिशेबाने वागवायची. घोडीला हाक मारायची तीसुद्धा म्हशीला मारावी तशीच. पुंजाराम हसायचा आणि घोडी ऐकायची.

सध्याची घोडी मैना. पांढरी, सोळा वर्षांची, हलगी कानावर पडली की उभ्या जागी पाय उचलणारी. उतारवयात ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा घरात सण आल्यासारखं झालं. अकरा महिने भरत आले, मैनेची कास तटली आणि सडांतून थेंब थेंब गळायला लागलं. व्यायला अजून पाच-सहा दिवस होते. कास दगडासारखी झालेली आणि मैना पाय झाडत होती. आवडाबाईला ते बघवेना. तिने तांब्या घेतला, मैनेच्या पोटाशी उकिडवी बसली आणि दिवसातून दोनदा तो चिकट, पिवळसर चीक काढू लागली. पहिली धार भुईची, ही तिच्या आईची रीत. म्हणून तांब्या लिंबाच्या बुडाशी ओतायची आणि हात जोडायची.

"लई दुधाळ हाय गं," ती शेजारच्या चतुराबाईला कौतुकाने म्हणाली. "शिंगरू बग कसं गुटगुटीत व्हतंय."

शिंगरू झालं तेही देखणं. तांबूस अंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका. तासाभरात उभं राहिलं, आईला लुचायला लागलं. आवडाबाईने गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जरा गप्प वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पडलं होतं, उठतच नव्हतं, आणि गुडघ्याचा सांधा हाताला चटका बसेल इतका तापला होता.

पुंजारामाने टेम्पो बोलावला. मागे मैना उभी, तिच्या पायाशी गोधडीवर शिंगरू आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन आवडाबाई. दौलताबादच्या घाटात प्रत्येक वळणाला ती शिंगराच्या नाकपुडीशी तळहात धरून बघत होती. श्वास लागत होता. तेवढ्यावर ती शहरापर्यंत आली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर करुणा भेटली. वय तिशीच्या आतबाहेर, बारीक चणीची, बोलता बोलता हात चालवणारी. वडील वाळूजच्या कंपनीत कामाला, त्यामुळे सगळं लहानपण बजाजनगरात गेलं. घोडा तिने पहिल्यांदा पाहिला तो जयंतीच्या मिरवणुकीत, असं ती स्वतःच सांगायची. पुढे मात्र शिकायला विषय घेतला तो घोड्यांच्या रक्ताचा. निरोगी घोड्याच्या पांढऱ्या पेशी जंतू कसे खातात आणि अशक्त शिंगराच्या का खात नाहीत, एवढ्या एका प्रश्नासाठी ती दोन वर्षं गावोगाव सुई घेऊन हिंडली होती.

तिने शिंगराला सलाईन लावलं, सुई टोचली, आणि मग विचारलं, "मावशी, व्यायच्या आधी कास गळत होती का?"

पुंजारामाने बायकोकडे पाहिलं.

"गळत होती," आवडाबाई म्हणाली. खोटं बोलायची तिला एक क्षण इच्छा झाली, पण शिंगराचं डोकं अजून मांडीवरच होतं. "आन् मी काढलं. पाच दिस. सकाळ-सांज."

करुणाचे हात थांबले. ती ओरडेल असं आवडाबाईला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही काढलं नसतं तरी निम्मं गळूनच गेलं असतं, मावशी," करुणा म्हणाली. खरं होतं की मन राखायला म्हणाली, कोण जाणे. त्या एका वाक्यासाठी आवडाबाईने पुढे देवापुढे तिचं नाव कितीदा घेतलं, त्याला गणती नाही.

करुणाने शिंगराच्या रक्ताचं वरचं पाणी एका काचेच्या नळीत, कसल्याशा औषधाच्या द्रावणात सोडलं आणि नळी खिडकीपाशी धरली. द्रावण निवळ राहिलं, पलीकडचं गुलमोहराचं झाड त्यातून स्वच्छ दिसत होतं.

"चांगलं हाय ना? निवळ हाय," आवडाबाई म्हणाली.

"गढूळ व्हायला हवं होतं. आईच्या चिकातून जे यायला पाहिजे ते याच्या रक्तात आलेलंच नाही. माणसाच्या बाळाला थोडंफार पोटातच मिळतं. शिंगराला काहीच मिळत नाही, सगळं पहिल्या चिकातूनच. आणि तेही पहिल्या दिवसातच. नंतर आतडं ते आत घेत नाही."

"मंग आता?"

"आता दोन गोष्टी असू शकतात." करुणा तिच्यासमोर स्टुलावर बसली. "काही शिंगरं जन्मतःच पांढऱ्या पेशींशिवाय येतात, नाहीतर त्या पेशी बिनकामाच्या असतात. तसं असेल तर माझ्या हातात काही नाही. उगीच आशा लावणार नाही. पण पेशी धडधाकट असतील आणि फक्त चीकच चुकला असेल, तर इलाज आहे. ते आधी बघू."

म्हणजे सगळं त्या पेशींवर आलं. आवडाबाईला जन्मात पेशी हा शब्द कधी लागला नव्हता. त्या दिवशी ती त्यांचीच प्रार्थना करत बसली.

करुणाने तिला आतल्या खोलीत नेलं. यंत्राच्या काचेत डोकावल्यावर आवडाबाईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग हळूहळू गोल, फिक्या, पाण्यात भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पेशी दिसायला लागल्या. आजूबाजूला निळे ठिपके.

"त्या शिंगराच्या पेशी. निळं आहे ते पाव फुगवायचं यीस्ट, उकळून मारलेलं. जंतूच्या जागी ठेवलंय. पेशींनी ते खायला पाहिजे."

पेशी खात नव्हत्या. निळे ठिपके अगदी खेटून होते आणि त्या आपल्या ढिम्म.

"भूक नाय का त्यांना?"

"पेशी मेलेल्या नाहीत आणि संख्येलाही कमी नाहीत, एवढं कळलं. भूक असेलही, पण ओळख नाही. चिकातून आई एक खूण देते. ती खूण जंतूला चिकटली की पेशीला कळतं, हे खायचं." करुणाने बर्फाच्या पेटीतून बोटाएवढी बाटली काढली. "हे एका निरोगी घोड्याच्या रक्तातलं पाणी. माझ्या अभ्यासासाठी ठेवलेलं. शिंगराच्याच पेशी, तेच यीस्ट, फक्त यात हे दोन थेंब घालते. अर्धा तास थांबा."

तो अर्धा तास आवडाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेरून मैनेचं खिंकाळणं येत होतं. तिच्या कासेत आता दूध होतं आणि पिणारं उठत नव्हतं. आवडाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. तेच हात होते.

"या," करुणा म्हणाली. तिच्या आवाजातच कळलं.

काचेखाली आता निळे ठिपके पेशींच्या बाहेर नव्हते, आत होते. एकीच्या पोटात दोन, दुसरीच्या पोटात तीन. एक तर एवढी ठासून भरली होती की आवडाबाईला हसूच आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, ही तर पंगतीला बसल्यावानी खातीय!"

"पेशी चांगल्या आहेत, मावशी. शिंगरू धड आहे. फक्त चीक पाहिजे, आणि तो आता शिरेतून द्यायचा. निरोगी घोड्याचं चार लिटर रक्त घ्यायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि याला चढवायचं. आजच. मैनेचं चालणार नाही, तिला ताप आहे, आणि व्यालेल्या घोडीचं रक्त शिंगराला बाधूही शकतं. खच्ची केलेला घोडा सगळ्यात बरा. ज्याचे थेंब वापरले तोच जुळतोय, आत्ताच ताडून पाहिलं."

"कुणाचा घोडा हाय गं बाई तो? त्या मालकाच्या मी पाया पडते."

करुणाने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "तुमच्याच वाडीचा की. संघपाल साळवेंचा कंथक."

पुंजाराम दारात उभा होता. त्याने मान खाली घातली आणि पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

अकरा वर्षांपूर्वी संघपाल त्यांच्या दारात आला होता. पंचविशीचा पोरगा, पुढच्या आठवड्यात लग्न. वरातीला मैना हवी होती, आणि बोलायला तो अदबीनं बोलत होता. त्याच्या आदल्याच दिवशी पारावरच्या सोमनाथरावांनी पुंजारामाला बजावलं होतं, "त्यांच्या वरातीला घोडी दिलीस, तर आमच्या वराती विसर." पुंजाराम आत पलंगावर बसून राहिला आणि बायकोला दारात धाडलं. आवडाबाई म्हणाली, "मैना लंगडतीय रे बाबा. पाय मुरगाळलाय." संघपाल "बरं, काकू," म्हणाला आणि गेला. त्याची वरात पारावरून पायी गेली. दुसऱ्या वर्षी त्याने माळेगावच्या जत्रेतून एक घोडा आणला. सिद्धार्थाच्या घोड्याचं नाव त्याला ठेवलं, कंथक. घरावर पाटी लावली: 'वरातीसाठी घोडा मिळेल. सर्वांसाठी.' त्यातलं 'सर्वांसाठी' बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठं होतं. आवडाबाई अकरा वर्षं त्या पाटीसमोरून मान वळवून जायची.

"मी फोन लावते," करुणा म्हणाली. "माझ्या शब्दावर येतील ते. चांगला माणूस आहे."

"नको," आवडाबाई म्हणाली. "त्याला कळू दे कुणाच्या शिंगरासाठी मागतीय ते. मी जाते."

त्याच टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ती परत वाडीला आली. भर दुपार होती. संघपाल अंगणात कंथकाला खरारा करत होता. कंथक चांगला उंचापुरा, तांबडा-काळा, चकचकीत. अंगणात शिरायचं म्हणजे त्या पाटीखालून जावं लागायचं. ती पहिल्यांदाच गेली.

"काकू? या. बसा." संघपालने खाट पुढे ओढली.

ती बसली नाही. "मैनेचं शिंगरू मरतंय. माझ्या हातानं झालं. तुझ्या कंथकाचं रक्त लागतंय म्हणतात करुणाबाई. त्याचंच जुळतंय."

संघपालने खरारा एकदा कंथकाच्या पाठीवरून शेवटपर्यंत नेला. मग म्हणाला, "कंथक लंगडत नाय, काकू."

शिव्या खायची तयारी करून ती आली होती, याची नव्हती. ऊन अंगावर येतं तसं ते अंगावर आलं.

"मैना बी लंगडत नव्हती," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"माहीत हाय. मी वळलो तव्हा ती नीट चालत हौदावर पाण्याला गेली. मी बघत उभा होतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "पायी गेलो त्याचं मला कधी वाईट वाटलं नाय. आमची माणसं पायी चालतच इथवर आलीत. पर तुम्ही दारात लेकरावानी हाक मारून खोटं बोलला, ते लागलं. तोंडावर नाय म्हणाला असता तर बरं झालं असतं."

 

आतून रत्नमाला, संघपालची बायको, हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "किती रक्त लागतंय?" तिने विचारलं.

"चार लिटर."

"चार!" संघपालने कंथकाच्या मानेवर थाप मारली. "ऐकलं का मर्दा? उद्याची फुलंब्रीची वरात राहू दे, त्यांना दुसरा बगायला सांगतो." मग आवडाबाईकडे न बघता तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाय येत, काकू. शिंगरानं काय कुणाचं वाकडं केलंय?"

"नको येऊस माझ्यासाठी," ती म्हणाली. "पर ये."

तीन वाजता कंथक दवाखान्यात उभा होता. मानेच्या शिरेत सुई गेली तेव्हा त्याने एकदा कान मागे केले, मग संघपालच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. पिशव्या एकेक करून भरल्या. करुणाने त्या टांगून ठेवल्या, आणि घोड्याचं रक्त लवकर निवळतं म्हणतात ते आवडाबाईने डोळ्यांनी पाहिलं. तांबडं खाली बसत गेलं आणि वर कढवलेल्या तुपासारखं पिवळंधमक पाणी उरलं. तिने काढून ओतलेल्या चिकाचाही रंग थोडाफार असाच होता.

"मंग हा कंथकाचा चीकच म्हणायचा," ती म्हणाली.

"तसंच समजा," करुणा म्हणाली. तिने नळीचं चाक फिरवलं आणि थेंब हळूहळू शिंगराच्या शिरेत उतरायला लागले. अंगावर गांधी उठतात का, थरथर होते का, हे बघत ती शेजारी जमिनीवरच बसून राहिली. जेवलीही नव्हती. सोबत आलेल्या रत्नमालेने डब्यातली भाकरी तिच्या हातात दिली, अर्धी मोडून आवडाबाईला दिली. दोघींनी ती शिंगराकडे बघत खाल्ली.

दिवस मावळताना दुसरी पिशवी संपली. शिंगराने डोकं उचललं. मग पुढचे पाय रोवले, मागचे रोवायला गेलं आणि धपकन पडलं. पुंजाराम धावला, त्याला संघपालने दंडाला धरून थांबवलं. "त्याचं त्याला उठू द्या, काका." दुसऱ्या खेपेला ते उठलं. डुगडुगत मैनेपर्यंत गेलं आणि कासेला ढुशी मारली.

आवडाबाईने कुणाचे कुणाचे उपकार मानावेत? तिने करुणाचे हात धरले. रत्नमालेला मिठी मारली. पेशींना मनातल्या मनात नमस्कार घातला. शेवटी ती कंथकापाशी गेली, त्याच्या रुंद कपाळाला आपलं कपाळ लावलं आणि मोठ्याने रडली. संघपालपुढे मात्र तिला काही बोलता आलं नाही.

सांध्याची सूज उतरायला पंधरा दिवस लागले. करुणा दोनदा वाडीला येऊन रक्त तपासून गेली. "कंथकाचं दिलेलं हळूहळू संपत जाईल," ती म्हणाली. "तोवर हा स्वतःचं बनवायला शिकतोय. शिकतोय बरं का." शिंगराला अजून पक्कं नाव नव्हतं, कारण संघपालची मुलगी श्रेया रोज येऊन त्याला नवं नाव ठेवायची. म्हैस व्याली तेव्हा आवडाबाईने आधी रेडकाला पोटभर पाजलं, मग उरलेल्या चिकाचा खरवस केला आणि वेलची घालून संघपालच्या घरी नेला.

एप्रिलात जयंती आली. संध्याकाळी मिरवणूक निघायची होती. बाबासाहेबांची तसबीर फुलांच्या गाडीवर, पुढे कंथक, कंथकावर निळा फेटा बांधलेली श्रेया. माणसं जमत होती, तेवढ्यात आवडाबाई मैनेला घेऊन आली. मैनेला न्हाऊ घातलेलं, आयाळ विंचरलेली, पाठीवर वरातीची झूल. मागून शिंगरू. त्याच्याही मागून, चार पावलं अंतर ठेवून, पुंजाराम.

"संघपाल," ती म्हणाली, "बस."

तो हसला. "काय काकू! अकरा वर्षं झाली त्याला. माझा सोताचा घोडा हाय आता. मला गरज नाय त्याची."

"तुला नाय," आवडाबाई म्हणाली. "मला हाय."

संघपालचं हसू थांबलं. त्याने रत्नमालेकडे पाहिलं. रत्नमालेने पदराने डोळ्याची कड पुसली आणि त्याला पाठीत एक धक्का दिला. तो मैनेवर बसला. लगाम आवडाबाईने हातात घेतला, पुंजारामाने दुसऱ्या बाजूने झूल सारखी केली आणि तिथेच चालायला लागला.

मिरवणूक पारापाशी आली. सोमनाथराव आता म्हातारे झाले होते, पण जागा सोडली नव्हती. हलगी जरा थांबली, तेवढं साधून ते खेकसले, "काय गं आवडे, तुझी घोडी तर यांच्या वरातीला लंगडत होती ना?"

सगळी वाडी ऐकत होती. चतुराबाई ओट्यावर, पोरं गच्चीवर.

"नव्हती लंगडत," आवडाबाई म्हणाली, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तुम्ही सांगितलं म्हणून मी खोटं बोलले. मैना तव्हा बी धड होती. आज माझ्या दावणीचं शिंगरू जितं हाय ते यांच्या कंथकाच्या रक्तावर. आता बोला."

हलगी पुन्हा सुरू झाली आणि मैनेने सवयीने पाय उचलला. आवडाबाईने मान वर करून संघपालकडे पाहिलं. त्याला सांगायचं जे दवाखान्यात राहून गेलं होतं ते आता सोपं झालं होतं.

"लई उपकार झाले रे, बाबा," ती म्हणाली.

त्याने वाकून तिच्या हातावर हात ठेवला, लगामासकट. शिंगरू आईला सोडून पुढे पळालं, कंथकाच्या पोटाशी जाऊन त्याला ढुसण्या द्यायला लागलं, आणि कंथक बिचारा काही न बोलता जागच्या जागी उभा राहिला. श्रेया वरून ओरडली, "काकू, ह्याला आवरा, हा कंथकाला पितोय!"

"पिऊ दे," आवडाबाई म्हणाली. "त्याचाच चीक पिऊन मोठा झालाय तो."